तीन बोटं

माघ लागला की माझ्या नाकात मशेरीचा वास घुसतो. घरात आता भाजणारी कोणी नाही, तवा फक्त भाकरीला चढतो, तरी घुसतो. यंदाही घुसला. पहाटे दार उघडलं, डोंगराकडनं गार वारं आलं आणि त्याच्या मागोमाग तो जळका, नाक चुरचुरवणारा वास. चुलीकडं जाऊन बघितलं. चूल थंड होती. मांजर बसलं होतं राखेत.

ज्यांच्या घरात हे कधी शिजलं नाही त्यांना सांगतो. मशेरी म्हणजे तंबाखू. तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, पाट्यावर वाटायची, डबीत भरायची आणि दिवसातनं तीन-चारदा बोटानं हिरड्यांना चोळत बसायचं. बायका ह्याला दात घासणं म्हणतात. काजळीनं आरसा पुसावा तसला प्रकार. पण आमच्या मुलखात त्याला कोणी व्यसन म्हणत नाही. गड्यानं बिडी ओढली तर तो ओढतो, तंबाखू मळली तर तो खातो. बाईनं मशेरी लावली तर ती फक्त तोंड धुते. ‘मशेरी लावल्याबिगार पोट साफ हुईना,’ असं सांगणाऱ्या बायका मी जन्मभर बघितल्या. पोट साफ होतं. पुढं घरही साफ होतं.

माझी बायको हौसा. तिचं माहेर सांगलीकडं, कृष्णाकाठचं, तंबाखूच्या रानातलं. माझं गाव मेढ्याच्या वर, जावळीच्या डोंगरात. भात, नाचणी आणि दगड. तिच्या बापानं माझ्या अंगावरची फौजेची वर्दी बघून पोरगी दिली, जमीन बघितली असती तर दिली नसती. माघात तिकडं तंबाखूची कापणी निघायची. तेवढे पंधरा दिवस हौसा माहेरी जायची. परत यायची ती एसटीतनं, मांडीवर पानांचं गाठोडं घेऊन. वर्षाची बेगमी. लोक माहेराहून साडी आणतात, ही विष आणायची, आणि मी स्टँडवर उभा राहून ते गाठोडं हातातनं घ्यायचो, जड असेल म्हणून.

एका माघात मी पण गेलो होतो. रान कमरेएवढं वाढलेलं. बायका शेंडे खुडत होत्या. त्या पानाला चीक असतो. हाताला बसला की डांबरासारखा काळा होतो, साबणानं जात नाही, मातीनं जात नाही. तसल्या हातानं भाकरी मोडली की भाकरी कडू. पहिल्या दिवशी कोवळ्या पोरी चक्कर येऊन बांधावर आडव्या होतात, उलट्या करतात, आणि म्हाताऱ्या हसून सांगतात, हुतंय तसं, सवय हुती. मी मेव्हण्याला विचारलं, ‘ह्या रानाला कुंपण का न्हाई?’ तो म्हणाला, ‘दाजी, तंबाखूला कुंपण लागत न्हाई. शेळी शिंगं लावून जाती, पर तोंड लावत न्हाई.’

शेळीला कळतं. शेळी शाळेत गेलेली नाही. मीही सातवीतनं घरी बसलो, पण शेळीएवढी अक्कल मला पण पुरली असती.

माझी गोष्ट वेगळी नाही, उलट जास्त लाजेची आहे. मी फौजेत बर्फात होतो तेव्हा एका जुन्या जवानानं पहिली सिगारेट दिली. म्हणाला, गरमी आती है. गरमी कसली, खोकला आला. पण दुसऱ्या दिवशी मी स्वतः मागितली. सुट्टीवर आलो की खिशात फिल्टरची पाकिटं. चावडीपुढं उभा राहून नाकातनं धूर सोडायचो आणि गावातले बापे माझ्याकडं टकामका बघायचे. मला वाटायचं माझा रुबाब बघतात. आता कळतं, पेटलेलं माणूस कसं असतं ते बघत होते. पेन्शनीत आल्यावर सिगारेट गेली, बिडी आली. साहेबाचा पुन्हा शेतकरी झालो, एवढाच फरक. छातीला दोन्ही सारखेच.

छातीचा फोटो काढला तेव्हा साताऱ्याच्या डॉक्टरनं काचेवर लावून दाखवला. तरणा पोरगा, खेड्यातलाच असावा. म्हणाला, ‘बाबा, चुलीवरचं आढं बघितलंय न्हवं? तशी तुमची छाती झालीय.’ आढं म्हणजे छपराचं मधलं लाकूड. जन्मभर धूर खाऊन काळं तुकतुकीत झालेलं. फरक एवढाच, की त्या आढ्याला वाळवी लागत नाही म्हणतात. मला लागली. आता देवळाच्या बारा पायऱ्या चढायला मी तीनदा थांबतो आणि लोकांना वाटतं म्हातारा देवाचं नाव घेतोय. मी श्वास घेत असतो.

आणि तरी हौसा जायच्या आधी सगळ्यांनी हिशोब धरला होता की पहिला मीच जाणार. मी पण धरला होता. कुठं काय ठेवलंय ते तिला सांगून ठेवलं होतं. पेन्शनीचं पुस्तक कुठं, जमिनीचा उतारा कुठं. ती म्हणायची, ‘आवं, रोज रोज मरायच्या गोष्टी काय सांगता. आदी ती बिडी इजवा.’ असं म्हणायची आणि बोट हिरडीवरनं फिरवायची. आम्ही दोघं समोरासमोर बसून एकमेकांना शहाणपण सांगायचो. मी धुरातनं, ती थुंकीतनं.

माझ्यासारखे गावात अजून आहेत. गणपा माझ्याबरोबरचा, पलटण वेगळी. त्याच्या डाव्या खिशात दम्याचा पंप असतो आणि उजव्या खिशात बिडीचं बंडल. चहाच्या टपरीवर बसून तो आधी पंप मारतो, छाती मोकळी करतो आणि मग मोकळ्या छातीनं बिडी ओढतो. त्या टपरीवर तंबाखूच्या पुड्यांच्या माळा लोंबतात, मारुतीच्या गळ्यात रुईच्या असाव्यात तशा. पुडीवर सडलेल्या तोंडाचा फोटो असतो. मी एकदा त्याच्या पुढं धरला. म्हटलं, ‘बघ की रं, हे वाच.’ त्यानं डोळे बारीक करून नीट बघितलं आणि म्हणाला, ‘ह्यो आपल्या भागातला न्हाई वाटत.’

टपरीवर सगळे हसले. मी पण हसलो. तेव्हा हौसा घरी धडधाकट होती. फोटोतलं माणूस आपल्या भागातलं नव्हतं.

आता मागचा माघ. तोच एक माघ माझ्या डोक्यात राहिलाय, बाकीचे पन्नास-साठ पुसून गेले.

त्या माघात हौसा माहेराहून आली ती अंगात ताप घेऊन. जेवायला बसलो. आमच्याकडं माघात ओल्या मिरचीचा ठेचा असतो, तव्यावर खरपूस केलेला. हौसाचा ठेचा असा असायचा की पाहुणे पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसायचे, आणि ती नुसत्या भाकरीशी बोटं चाटून खायची. त्या दिवशी तिनं ठेच्याचा गोळा बोटानं ताटाच्या कडेला सारला. भाकरी दुधात कुस्करली. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, ‘तोंड आलंय. झोंबतंय.’ दुसऱ्या दिवशी महाबळेश्वराकडनं खाली येणाऱ्या गाडीवाल्याकडनं मी स्ट्रॉबेरी घेतली, मऊ असते म्हणून. तिनं अर्धी चावली आणि गाल धरून बसली.

हिरडीला मागच्या दाढेपाशी एक पांढरा चट्टा होता. दुधाची साय चिकटावी तसा. खाली लाल. शेजारणी आल्या, बघून गेल्या. सगळ्यांचं एकच, ‘दाढंत कीड झालीय. मशेरी दाबून धर, कीड मरती.’ आम्हाला पटलं. का पटणार नाही? पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडं दाढ दुखली की मशेरी, हिरडी सुजली की मशेरी, तोंडाला वास आला की मशेरी. चोरालाच राखणीला बसवायचं आणि रोज सकाळी मोजायचं, माल कमी कसा झाला.

तापामुळं तिला चुलीपुढं बसवत नव्हतं. भाजताना धूर सहन होत नव्हता. डबी रिकामी झाली. ती नुसती डबी माझ्या पुढं उलटी करून दाखवायची. पत्र्याची लहान डबी, झाकणाला पोचा आलेला. मग मी चुलीपुढं बसलो. तवा ठेवला, पानं चुरली, भाजली. डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी, खोकून खोकून छाती फुटायची वेळ. ती आतनं म्हणत होती, ‘लय काळी करू नका, करपती.’ मी म्हटलं, ‘जरा कडकच करतो. कीड मरू दे.’ पाट्यावर बारीक वाटली, डबी भरली आणि तिच्या हातात नेऊन दिली. तिनं बोटावर घेऊन बघितली आणि म्हणाली, ‘झाली की झकास.’

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला कधी एक भाकरी थापून घातली नाही. चहासुद्धा तिनंच करून मला दिला. जन्मात तिच्यासाठी चुलीवर जे एकच शिजवलं, ते हे.

त्या माघात मी तीनदा भाजली. फाल्गुनात दोनदा. तोवर चट्ट्याची जखम झाली होती आणि गाल दगडासारखा.

चैत्रात मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं आधी काही विचारलं नाही. तिला म्हणाली, ‘आजी, हाताची तीन बोटं एकावर एक अशी उभी धरा आणि तोंडात घाला.’ हौसाला वाटलं थट्टा करते. तिनं माझ्याकडं बघितलं. मग लाजत लाजत बोटं तोंडाला लावली. एक गेलं. दुसरं अर्धं गेलं. तिसरं बाहेरच. बाई म्हणाली, धडधाकट माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी सहज जातात. जात नसली तर वाट बघत बसायचं नाही. मशेरी दाबायची नाही, कीड म्हणायचं नाही, दाखवायला यायचं.

एवढंच. तीन बोटं. ती तर आमच्या हाताला जन्मापासनं होती. मशेरी लावायला एक वापरलं, बिडी धरायला दोन वापरली. तीन एकत्र कधी आणली नाहीत.

तिचा अर्धा जबडा काढला. नाकातनं नळी घातली. मी कॉटपाशी बसायचो, पाच मिनिटं, दहा मिनिटं, आणि मग खाली फाटकाबाहेर जायचो. सांगायला लाज वाटते पण सांगतो. फाटकाबाहेर चहाची टपरी, टपरीला पुड्यांच्या माळा, आणि माळांखाली आम्ही सगळे उभे. कोणाची आई वर, कोणाचा भाऊ वर, कोणाचं वर नुसतंच नाव उरलेलं, आणि खाली आम्ही धूर काढत. एकमेकांना काडी द्यायचो. ‘तुमचं काय?’ ‘जीभ. तुमचं?’ ‘जबडा.’ आणि पेटवायचो. जगात इतकी निर्लज्ज माणसं एका जागी मी दुसरीकडं बघितली नाहीत, आणि मी त्यातलाच होतो. वर गेलो की हौसाला वास यायचा. तिला बोलता यायचं नाही. ती नुसती नाकातली नळी बोटानं दाखवायची आणि मान वळवायची.

श्रावणात गेली. बाहेर असा पाऊस की सरण पेटेना. रॉकेल ओतायला लागलं. तिथं उभा राहून माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? हौसा असती तर म्हणाली असती, ‘एवढ्या पावसात तुमची बिडी मातर बरी पेटती.’

दहाव्याला वेण्णा नदीच्या काठावर जमलो. थोरला पोरगा, साताऱ्याला कारखान्यात असतो, तो विधीला बसला. पिंड ठेवला. कावळा शिवेना. तासभर झाला. पलीकडं आंब्यावर दोन कावळे बसले होते, माना वाकड्या करून बघत होते, पण उतरेनात. पोरानं हात जोडून सांगितलं, आई, आबांना बघतो, जमीन विकत नाही, सगळं सांगितलं. कावळा ढिम्म. मग म्हातारी माणसं बोलायला लागली, हिचं कशात तरी मन गुंतलंय. गणपा म्हणाला, ‘वहिनीची मशेरीची डबी आणून ठेवा. त्याबिगार तिचा जीव सुटायचा न्हाई.’ आमच्याकडं तशी रीतच आहे. दारू पिणाऱ्याला दारू ठेवतात, बिडी ओढणाऱ्याला बिडी. ज्यानं मारलं तेच शेवटी पानात वाढतात, वर हात जोडतात.

माझी लेक मंगल रडत रडत घरी पळाली. डबी आणली. पिंडाशेजारी ठेवली. आणि कावळा उतरला.

बायका हुंदके द्यायला लागल्या. ‘बगा, तिचा जीव डबीत हुता.’ मंगलनं ती डबी उचलली, पदरात बांधली आणि सासरी घेऊन गेली. तिला आम्ही तिच्या मामाच्याच घरी दिलेली, त्याच कृष्णाकाठच्या तंबाखूच्या गावात. डबी जिथनं भरून यायची तिथंच परत गेली.

त्या वेळी जे मी बोललो नाही, ते यंदाच्या माघापर्यंत माझ्या घशात अडकून राहिलं.

यंदाच्या माघात थंडीनं माझा दम उसळला. रात्री बसून काढायचो. पोरगा-सून साताऱ्याला या म्हणत होते, मी गेलो नाही. मग मंगल आली. मला वाफ दिली, छाती शेकली, गोळ्या वेळेवर घातल्या. उशीखालचं बंडल काढून तिनं चुलीत टाकलं. मी दुसरं आणलं. तिनं तेही टाकलं. आमचं असं चाललं होतं. आणि सकाळी स्वतः मागच्या दारी उकिडवी बसून ती आईच्या डबीत बोट घालायची. दुपारी गालात सुपारी-तंबाखूची गोळी. तिकडं रानात कामाला जाणाऱ्या बायकांना ती लागतेच म्हणाली, भूक मरते.

चौथ्या दिवशी तिनं ठेचा केला. आईसारखाच, तोच वास. मला वाढला, स्वतः घेतला, एक घास खाल्ला आणि ठेच्याचा गोळा बोटानं ताटाच्या कडेला सारला.

माझा हात ताटात तसाच राहिला.

‘काय झालं गं?’

‘काय न्हाई. तोंड आलंय जरा.’

‘कवापासनं?’

‘हुतंय मधनंमधनं. दिवाळीपासनं आसंल. तुमी जेवा की आबा.’

‘तीन बोटं घाल तोंडात.’

‘जेवताना कसली बोटं घालाय लावताय?’

‘उष्टा हात धू आनि घाल.’

तिला ठाऊक होतं मी काय म्हणतोय. आईच्या वेळी ती मिरजेला बरोबरच होती. तिनं ताट उचललं. म्हणाली, ‘आदी सोताचा दम बगा. तुमी बिडी वडायची आनि मला श्यानपन शिकवायचं.’

‘मी मराय टेकलोय. तू चाळिशीची हायस. ती डबी हिकडं आन.’

‘डबीला हात लावायचा न्हाई. आईचा जीव हाय तिच्यात. साऱ्या गावानं बघितलंय.’

‘गावाला काय कळतंय?’

‘आनि तुमाला लय कळत हुतं? तिला भाजून कुनी दिली हुती? तुमीच न्हवं?’

असं म्हणाली आणि झटक्यात वळली. चुलीकडं तोंड करून भांडी आपटायला लागली. मी जेवण तसंच ठेवून बाहेर ओट्यावर येऊन बसलो. खिशात हात गेला. सवयीचा हात, त्याला अक्कल नसते. काडी पेटवली. काडी बोटापर्यंत जळत आली तरी बिडी तोंडात गेली नाही. चटका बसला तेव्हा टाकली.

माणूस दुसऱ्याचा तिरस्कार करतो तेव्हा त्याला फार मोठं झाल्यासारखं वाटतं. टपरीवाला हलकट, गणपा बिनडोक, शेजारणी अडाणी, मेव्हणा पैशाला हपापलेला. वर्षभर मी ह्या सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या देऊन पोट भरत होतो. पण त्या दिवशी ओट्यावर बसलो आणि ह्या सगळ्यांच्या रांगेत पुढं कोण उभं आहे ते दिसलं. नाकातनं धूर सोडत, रुबाबात.

मी आत गेलो. मंगल अजून पाठमोरीच होती.

‘व्हय,’ म्हटलं. ‘मी भाजली. पाच बाऱ्या भाजली. आता दुसरं ऐक. दहाव्याला कावळा शिवला तवा मी कुठं हुतो?’

ती वळली. ‘कुठं मंजी? तिथंच हुता की.’

‘तिथं नव्हतो. वडाच्या मागं हुतो. बिडी वडत.’

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

‘तुजी आई पानावर यायची हुती आनि मला तेवढा दम निघाला न्हाई. म्हनून लांबनं मला सगळं दिसलं. तुमी समदी पिंडाला खेटून उभी हुता. कावळा उतरंल कसा? तू डबी घिऊन आलीस, तवा गनपा म्हनला, वाट द्या, वाट द्या. समदी पंधरा-वीस पावलं मागं सरली. तू डबी ठेवलीस आनि तू पन मागं आलीस. मानसं लांब गेली म्हनून कावळा आला, मंगल. भाताला आला. डबीला त्यानं चोचसुदीक लावली न्हाई. शेळी न्हाई लावत, कावळा न्हाई लावत. आपुनच लावतुया.’

‘मग तवाच का न्हाई बोलला?’

‘बोललो असतो तर इचारलं असतं, तुमी कुठनं बघितलं.’

चुलीवरचं दूध उतू गेलं, दोघांनीही बघितलं नाही. मग तिनं हात धुतला, लुगड्याला पुसला. बाहेर अंगणात उन्हात आली. मी म्हटलं नव्हतं, आपणहूनच आली. हाताची बोटं एकावर एक उभी धरली. अगदी तिच्या आईनं धरली होती तशी. तोंड उघडलं. एक गेलं. दुसरं गेलं, तिला रेटावं लागलं. तिसरं ओठापाशी थांबलं. तिनं पुन्हा रेटलं. डोळ्यांत पाणी आलं.

‘आबा,’ बोटं काढून म्हणाली, ‘तिसरं जाईना.’

मी नुसतं म्हटलं, ‘सकाळची एसटी हाय.’

सातारा, तिथनं सांगलीची गाडी, तिथनं मिरज. कऱ्हाडच्या पुढं रस्त्यानं उसाच्या गाड्याच गाड्या. मंगल खिडकीशी, मी शेजारी. आधी मी हाच रस्ता हौसाला घेऊन केला होता आणि सगळ्या रस्त्यानं मनाला सांगत होतो की कीडच असंल. या वेळी मी मनाला काहीच सांगितलं नाही. आमच्या पुढच्या बाकावरच्या माणसानं पुडी फोडली, मान मागं टाकून तोंडात रिकामी केली आणि खिडकीतनं थुंकला. वाऱ्यानं त्याचे शिंतोडे माझ्या धोतरावर आले. एरवी मी त्याची आईबहीण काढली असती. त्या दिवशी त्याला खांद्याला हात लावून म्हटलं, ‘पाव्हणं, तीन बोटं तोंडात जातात का बघा.’ त्यानं माझ्याकडं वेडा समजून बघितलं आणि पुढच्या स्टॉपला जागा बदलली.

फाटकाबाहेर तीच टपरी होती. माळाही त्याच. खाली उभी असलेली माणसं नवी.

डॉक्टरीणबाईनं तपासलं, तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवस थांबायला लागलं. ते आठ दिवस मी काय केलं ते लिहीत नाही, फक्त एवढंच की त्यात चार बिड्या झाल्या. रिपोर्ट आला. बाई म्हणाली, तो रोग नाही, पण त्याच्या दारात उभ्या आहात. आतली कातडी आखडून गेलीय. आज सगळं सोडलं तर मागं फिरता येईल, नाही तर नाही. मशेरी बंद, सुपारी बंद, तंबाखू बंद. मग तिनं आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची जुडी दिली. त्या दातांत आडव्या, एकावर एक धरून बसायच्या, दिवसातनं चार-पाचदा. सोसेल तशी एकेक काडी वाढवायची. दर महिन्याला येऊन दाखवायचं.

मंगलनं विचारलं, ‘मंजी पयल्यासारखं तोंड हुईल?’

बाई म्हणाली, ‘सांगता येत नाही. पण आईसारखं व्हायला नको, एवढं तुमच्या हातात आहे.’

सासरी जाताना मंगलनं डबी रिकामी केली, राखेनं घासली, कढत पाण्यानं धुतली आणि माझ्या उशाशी ठेवली. म्हणाली, ‘आईची हाय. टाकू नका.’ मी टाकली नाही. तिच्यात माझ्या दम्याच्या गोळ्या ठेवल्यात. इतकी घासली तरी झाकण काढलं की अजून तो वास येतोच. गोळी घेताना रोज येतो. बरं आहे, येऊ दे.

आता शिमगा होऊन गेला. होळीच्या दिवशी गणपा म्हणाला, ‘बंडलं टाकू का होळीत?’ आणि टाकायच्या आधी एक काढून कानावर ठेवली. त्याला मी तीन बोटं घालायला लावली होती. सगळी जातात. त्याचं तोंड शाबूत आहे, आत काही नाही. मी त्याला तसं सांगितलं तर म्हणाला, ‘मग आनि काय पायजे?’

रोज दिवेलागणीला मंगलचा फोन येतो. पाऊसपाणी नाही, जावयाचं नाही, म्हशीचं नाही. मी विचारतो, ‘किती?’ ती बोटं सांगते. महिनाभर दोनच होती. मग दोन आणि थोडं. एका दिवशी पुन्हा दोनच, तेव्हा मी ओळखलं आणि तिनं पण लपवलं नाही. म्हणाली, भांगलणीला गेलते, बायांनी दिली, खाल्ली. तिला बोलायला मला तोंड नव्हतं.

काल म्हणाली, ‘अडीच, आबा. अर्धं आत गेलं.’

मी ‘बरं’ म्हटलं.

मग तिनं विचारलं, ‘आनि तुमची किती?’

खोटं बोलता आलं असतं. तिच्या आईशी जन्मभर बोललो. म्हटलं, ‘एक झाली. सकाळी.’

मागं म्हशीचं हंबरणं ऐकू येत होतं. मग म्हणाली, ‘ठेवते. उद्या इचारीन.’

आज सकाळपासनं ओट्यावर बसलोय. खिसा रिकामा आहे, हात चारदा आत जाऊन आला. दुपार टळली. देवळाच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन आलो, तीनदा थांबलो. ऊन आता डोंगरामागं उतरायला लागलंय. दिवेलागणीला तिचा फोन येईल. ती विचारेल.